पत्त्यांची कमाई

मननासाठी शास्त्रभाग : इफिसकरांस पत्र, अध्याय ४ था, वचन २८ वे



या वचनात प्रेषित पौल चोरी सोडून आलेल्या मनुष्याला तीन गोष्टी सांगतो. पहिली ही की, त्याने दुसऱ्याचे घेणे थांबवावे. दुसरी ही की, त्याने आपल्या हातांनी काही चांगले काम करावे. तिसरी ही की, गरजवंताला देता येईल इतके त्याच्यापाशी उरावे. पुष्कळ लोक पहिल्या दोन गोष्टी वाचून पुस्तक मिटतात. परंतु वचनाचा रोख तिसरीवर आहे. तेव्हा कोणत्याही धंद्याला तीन प्रश्न विचारावे, असे या वचनावरून आम्हांस दिसते. हा पैसा कोणाकडून येतो? तो कशाच्या मोबदल्यात येतो? आणि तो शेवटी कोणाच्या उपयोगी पडतो? आज आम्ही एका नव्या धंद्याला हे तीन प्रश्न विचारणार आहोत.

तो धंदा म्हणजे मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळणे व त्यावरच प्रपंच चालविणे. कर्जत आणि खोपोली या दोन्ही ठिकाणी मुंबईच्या लोकलगाड्यांचा शेवट होतो. पहाटेच्या गाडीने कामावर जाणाऱ्या तरुणाचे जातायेता दिवसाचे चार तास गाडीत जातात, आणि त्या चार तासांत त्याच्या हाती मोबाईल असतो. पूर्वी त्याच गाडीत मांडीवर पिशवी ठेवून तिच्यावर पत्ते मांडीत. तेथे निदान सोबत्याचा चेहरा तरी दिसे. मोबाईलवरच्या फडात समोरचा मनुष्य दिसत नाही, आणि तो कोणाचा मुलगा, कोणाचा बाप, हे कळत नाही. असा खेळता खेळता एखादा तरुण घरी येऊन म्हणतो की, “कारखान्यात महिनाभर राबून मिळते तेवढे मी आठ दिवसांत मिळवीन, मला नोकरी सोडू द्या.” अशा मुलाच्या आईबापांनी काय उत्तर द्यावे, आणि आमच्या उपदेशकांनी त्यांना काय सांगावे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम, मुलाचे म्हणणे न्यायाने ऐकून घेऊ. पोकरमध्ये ५२ पत्ते असतात. त्याच्या अधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते गुप्त मिळतात व पाच पत्ते सर्वांसाठी उघडे मांडतात. दर टप्प्याला रक्कम वाढवायची, तेवढीच लावायची किंवा पत्ते टाकून द्यायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. यात गणित आहे, संयम आहे, माणसाची पारख आहे. या खेळात नाव मिळविलेले लोकही आहेत. २००३ साली अमेरिकेतील क्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने ८६ डॉलरांच्या ऑनलाइन स्पर्धेतून वाट काढीत जागतिक पोकर स्पर्धा जिंकली व त्याला २५ लाख डॉलर मिळाले. २०१८ साली निकिता लूथर ही भारतीय स्त्री त्याच स्पर्धामालिकेतील एका सामन्यात जोडीने विजयी झाली. पत्त्यांच्या खेळातील कौशल्य आपल्या न्यायालयांनीही विचारात घेतले आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. २०१७ साली गुजरातच्या उच्च न्यायालयाने त्यास जुगारच म्हटले. असो. “हे निव्वळ दैव नव्हे, यात बुद्धी लागते,” असे तरुण म्हणतो, ते आम्ही मान्य करतो. परंतु घरफोडीलाही कौशल्य लागते. कौशल्य लागते एवढ्याने धंदा शुद्ध ठरत नाही. त्या कौशल्याने शेजाऱ्याचे काय होते, हे पाहिले पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न : हा पैसा कोणाकडून येतो?

समजा, दहा जणांनी प्रत्येकी एक हजार रुपये आणून एका चटईवर ठेवले. दहा हजार झाले. सकाळपासून सायंकाळपर्यंत ते पत्ते खेळले. प्रत्येक डावातून फडाचा मालक आपला हिस्सा काढतो. त्याला जुने जुगारी नाल म्हणतात व पोकरवाले रेक म्हणतात. तो शेकडा पाच धरू. हजार हजार रुपयांचे ४० डाव झाले, तर मालकाचे दोन हजार झाले आणि चटईवर आठ हजार राहिले. आता त्यांतला एक जण मोठा निष्णात आहे. तो तीन हजार नफ्यासह चार हजार घेऊन उठला. राहिलेल्या नऊ जणांनी नऊ हजार आणले होते. त्यांच्या वाट्यास चार हजार आले. पाच हजार गेले, त्यांतले तीन निष्णाताकडे व दोन मालकाकडे. दिवसभरात भाताचा एक दाणा पिकला नाही, एक वीट भाजली नाही, एक मूल शिकले नाही.

याच्या उलट आपल्या आसपासची कामे पाहा. कर्जतच्या संशोधन केंद्रात भाताची सुधारलेली बियाणी तयार झाली आणि ती कर्जतच्याच नावाने शेतकऱ्यांच्या खाचरांत गेली. ज्यांनी ती काढली त्यांना पगार मिळाला आणि ज्यांनी ती पेरली त्यांना पीक मिळाले. खोपोलीला १९१५ पासून घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली येते, वीज देते आणि पुढे पाताळगंगेला मिळून पुन्हा लोकांच्या उपयोगी पडते. नेरळच्या स्टेशनाबाहेर करवंदे विकणारी ठाकर बाई दहा रुपये घेते व करवंदे देते. घेणारा व देणारी दोघेही संतोषाने घरी जातात. प्रामाणिक धंद्याची खूण हीच की, त्यात दोन्ही बाजूंचे भले होते. पोकरच्या डावात मात्र एकाचे पाकीट फुगण्यासाठी दुसऱ्याचे रिकामे व्हावेच लागते.

धंदेवाईक खेळाडूंना हे चांगले ठाऊक असते. आपल्या तोडीच्या मनुष्याशी खेळून त्यांचे पोट भरत नाही. यास्तव ते कच्चे खेळणारे जेथे बसले असतील तो फड शोधतात. अशा कच्च्या मनुष्याला त्यांच्या बोलीत ‘मासा’ म्हणतात. बंधूंनो, हा शब्द ऐकून आपणांस गालील समुद्राची आठवण होत नाही काय? प्रभूने पेत्राला व अंद्रियाला माणसे धरणारे केले, ते माणसांचा नाश होऊ नये म्हणून. येथेही माणसेच धरली जातात, परंतु ती खाण्यासाठी. आणि हा मासा कोण असतो? पगाराच्या दिवशी घरी न सांगता खेळणारा कामगार, जमीन विकून आलेला पैसा बँकेत ठेवून बसलेला शेतकऱ्याचा मुलगा, परीक्षेची फी खर्चून बसलेला विद्यार्थी. चेहरा दिसत नाही म्हणून शेजारी हा शेजारी नाहीसा होत नाही.

दुसरा प्रश्न : हा पैसा कशाच्या मोबदल्यात येतो, आणि खरोखर येतो काय?

जिंकणाऱ्याची बातमी सर्वत्र पसरते. २०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने क्रिकेटच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये जिंकले, तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली. थोड्याच दिवसांत त्यांना निलंबित करण्यात आले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. त्याच वर्षीच्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत दिली. असे मोठे आकडे वर्तमानपत्रात येतात. पाच हजार आणि पन्नास हजार हरणारे मात्र घरात गप्प बसतात. केंद्र सरकारने २०२५ साली सांगितलेला अंदाज असा होता की, देशातील सुमारे ४५ कोटी लोक अशा पैशांच्या खेळांत दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात.

निष्णात मनुष्याचीही स्थिती स्थिर नसते. पोकरमध्ये सुरुवातीस दोन एक्के हाती येणे सर्वांत उत्तम समजतात. ते सरासरीने २२१ वाटपांत एकदा येतात. आणि ते आले असता समोर दोन राजे असले, तरी शंभरांत सुमारे १८ वेळा एक्केवालाच हरतो. म्हणून उत्तम खेळणाराही महिनेच्या महिने तोट्यात राहू शकतो. ते महिने काढण्यास साठविलेला पैसा पाहिजे. तो नसेल तर काय करतात? कोणी सावकार त्याच्या खेळास भांडवल देतो आणि नफ्यात, बहुधा निम्मा, वाटा घेतो. तोटा झाला तर तो खेळाडूच्या नावावर चढतो, आणि आधी तो भरून निघेपर्यंत खेळाडूच्या हाती काही पडत नाही.

आमच्या वाचकांना ही रीत नवी वाटणार नाही. आपल्या भागातील कातकरी बांधव वीटभट्टीवर उचल घेऊन जातात, हंगामभर राबतात, हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते, आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर पुन्हा जावे लागते. ज्या तरुणाला वाटते की पोकरच्या धंद्यात कोणी मालक नाही, कोणाचा हुकूम नाही, त्याने या उचलीचा विचार करावा. भट्टीवरचा मजूर निदान विटा तरी मागे ठेवून येतो.

याशिवाय फडाच्या मालकावर विश्वास ठेवावा लागतो तो निराळाच. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या सरकारने पोकरच्या मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांवर कारवाई केली, तेव्हा एका कंपनीपाशी खेळाडूंचे ठेवलेले पैसे परत देण्याइतकी रक्कमच नाही असे उघड झाले. धंदा म्हणून खेळणाऱ्यांची पुंजी कित्येक वर्षे अडकून पडली. आणि २०१९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या प्लुरिबस नावाच्या यंत्रबुद्धीने सहा जणांच्या पोकरमध्ये नामांकित खेळाडूंना हरविले. पडद्यापलीकडे मनुष्य आहे की यंत्र, हे आता खेळणाऱ्याला सांगता येत नाही.

आपल्या देशात तर या धंद्याचा पायाच खचला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून खेळासाठी भरलेल्या रकमेवर शेकडा २८ कर लागू झाला होता. म्हणजे भरलेल्या शंभर रुपयांतून जवळजवळ २२ रुपये पहिला पत्ता वाटण्यापूर्वीच कराचे होत. पुढे २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत की दैवाचे, बंद करणारा कायदा केला व २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड, असे त्यात सांगितले आहे. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे डाव थांबविले, आणि काहींनी या कायद्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : हा कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवीत नाही. तो त्यास फसलेला समजतो. मंडळीनेही यावरून शिकावे.

तर मग प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. परदेशातून चालणारे फड मोबाईलवर येतात, ओळखीच्या मंडळींत गुपचूप बैठका बसतात, आणि गोव्यात मांडवीच्या पात्रातील जहाजांवर जुगाराचे पट तेथील कायद्याच्या परवानगीनेच मांडलेले आहेत. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ साली झाला. तरी १९६२ च्या सुमारास मुंबईत मटका उभा राहिला आणि गिरणगावातल्या घराघरांत शिरला. त्या धंद्याचा वारसदार २००८ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात अलिबागच्या रस्त्यावर मोटारीवर ट्रक घालून मारला गेला, आणि त्या खुनात त्याच्याच घरच्या माणसांना शिक्षा झाली. कायद्याने धंद्याला आळा बसतो. परंतु मनातील लोभ कायद्याने जात नाही. मन बदलण्याचे काम देवाच्या वचनाचे आहे.

तिसरा प्रश्न : हा पैसा शेवटी कोणाच्या उपयोगी पडतो?

येथे तरुणाला आम्ही असे विचारू की, बाळा, तुझ्या ज्या बुद्धीची तू साक्ष देतोस, ती तुला कोणी दिली? अचूक हिशेब करणे, हरल्यावर न चिडणे, तासन्‌तास एकाग्र बसणे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधणे, ही लहान दाने नव्हेत. प्रभूच्या दाखल्यातील ज्या चाकराने आपले नाणे जमिनीत पुरले, त्याला धनी रागे भरला. मग जो आपले नाणे शेजाऱ्याच्या खिशातून दुसरे काढण्यासाठी वापरतो, तो धन्याला काय हिशेब देणार?

हीच बुद्धी दुसरीकडे काय करू शकते, याचा इतिहास आहे. १६५४ साली फ्रान्समध्ये पास्काल व फर्मा या दोन विद्वानांनी एकमेकांस पत्रे लिहिली. प्रश्न जुगाराचाच होता : डाव अर्धवट मोडला तर लावलेली रक्कम कशी वाटावी? त्यातून संभाव्यतेचे गणित जन्मास आले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कालला देवाच्या सान्निध्याचा असा अनुभव आला की, त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे १७४४ साली स्कॉटलंडच्या मंडळीतील वॉलेस व वेबस्टर या दोन पाळकांनी तसल्याच गणिताच्या साह्याने एक निधी उभारला. दरवर्षी किती पाळक मरतील, किती विधवा व किती पोरकी मुले मागे राहतील, याचा अंदाज बांधून प्रत्येकाने किती वर्गणी द्यावी हे त्यांनी ठरविले. आणि त्या वर्गणीतून विधवांना व मुलांना आधार मिळू लागला. गणित तेच, एका पटावर ते शेजाऱ्याला नागवते, दुसऱ्या पटावर विधवेच्या चुलीवर भांडे चढविते. तरुणा, तुझे गणित कोणत्या पटावर मांडायचे, हे तुला ठरवायचे आहे. हिशेबाचे काम, बँकेचे काम, विम्याचे काम, बचतगटाच्या वह्या, शाळेतील मुलांची शिकवणी, या सर्वांना तुझ्यासारख्या बुद्धीची गरज आहे.

कोणी म्हणतील, प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडले; मग दोष कशाचा? तेथे कोणाचे काही गेले नाही व कोणी दुसऱ्याचे घेतले नाही. सर्वांनी प्रार्थना करून एक सेवा एकाच्या हाती दिली. त्या चिठ्ठीशी या डावाचे नाते नाही.

आता उपदेशक व वडीलजन यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी.

एखाद्या घरात हा प्रकार कळला तर पहिल्या भेटीत दोष देऊ नये. दोष दिला की आकडा लपतो, आणि आकडा लपला की कर्ज वाढते. शांतपणे बसून कोणाचे किती देणे आहे ते कागदावर मांडावे. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांचेही त्यात लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जुगाराचे व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा प्रार्थना करावी आणि औषधोपचारही करावा. एकाने दुसऱ्यास बाध येत नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० वर ताबडतोब कळवावे.

दुसरे, घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडून टाकू नये. एकदा आईचे मंगळसूत्र, दुसऱ्यांदा बापाचा बैल असे फेडीत गेल्यास मुलाला वाटते की तळ अजून दूर आहे. फेडायचे ते सर्वांच्या समक्ष, हप्त्याने, त्याच्या स्वतःच्या श्रमातून. आणि तोपर्यंत पगार पत्नीच्या किंवा आईच्या हाती यावा, हे त्याने स्वतः मान्य करावे.

तिसरे, मंडळीचे दान नेहमी दोघांनी मिळून मोजावे व त्याच दिवशी वहीत लिहावे. हे कोणावर अविश्वास म्हणून नव्हे. दुर्बळ भावाच्या वाटेतील धोंडा काढण्यासाठी आहे.

चौथे, आपले अंगणही झाडावे. हंगामाच्या सणास किंवा नाताळात दहा रुपयांची तिकिटे विकून सोडत काढणारी मंडळी मुलांना काय शिकविते, याचा वडिलांनी विचार करावा. शेताचे पहिले फळ अर्पणाला आणणारा बाप आणि सोडतीचे तिकीट घेणारा बाप, यांपैकी कोणाची आठवण मुलाच्या मनात राहावी असे आम्हांस वाटते?

शेवटी एकच दृश्य डोळ्यांपुढे ठेवू. गुलगुथ्यावर एक मनुष्य आपला प्राण देत होता, आणि त्याच्या पायाशी चार शिपाई त्याच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकीत होते. त्यांत एक जिंकला असेल. त्याला वाटले असेल की आज आपले दैव उघडले. आपल्या डोक्यावर काय घडत आहे हे त्याने मान वर करून पाहिले नाही. त्याचे डोळे डावावर होते. जगाला सर्वस्व देणारा वर होता, आणि दुसऱ्याचे वस्त्र घेणारे खाली होते. ज्या तरुणाला हे पत्र कोणी वाचून दाखवील, त्याने एवढेच करावे : हातातील पत्ता खाली ठेवून एकदा मान वर करावी. देण्यासाठी मोकळे झालेले हात प्रभू त्याला देवो, आणि त्या हातांना काम देण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो.